हातचा न राखता

मॉडेल विमानांच्या एरोबॅटिक्स स्पर्धेला पायलट कमी आले तर स्पर्धा लवकर आटोपते. परीक्षक कमी आले तर ती सुरूच होत नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, जिथे मी हा छंद करतो, तिथल्या बऱ्याच स्थानिक स्पर्धा इंटरनॅशनल मिनिएचर एरोबॅटिक क्लबच्या, म्हणजे सगळे ज्याला नुसतं आयमॅक म्हणतात त्या संस्थेच्या नियमांनी होतात. बाहेरून बोलावलेले परीक्षक तिथे सहसा नसतात. बेसिक, स्पोर्ट्समन, इंटरमीजिएट, अॅडव्हान्स्ड आणि अनलिमिटेड असे पाच वर्ग. एका वर्गाचे पायलट उडवत असले की दुसऱ्या वर्गाचे खुर्चीत बसतात. सकाळी मी ज्याला गुण दिले, तोच दुपारी मला देणार. त्यामुळे नवा पायलट आला की तो नवा परीक्षकही असतो. मोसम सुरू होण्याआधी, एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी या मंडळींची शाळा भरते आणि ती घेणाऱ्यांत मी असतो.

येणाऱ्यांना वाटतं, इथे नजर तीक्ष्ण करायला शिकवतील. नजर बहुतेकांची ठीकच असते. विमान वाकडं गेलेलं त्यांना दिसतं. रोज उडवणारी माणसं ती. शिकवावी लागते ती वजाबाकी.

प्रत्येक आकृती १० गुणांनी सुरू होते. परीक्षकाने पायलटला काही द्यायचं नसतं, दिसलेल्या चुकीपुरतं काढून घ्यायचं असतं. रेषा किंवा रोल ठरलेल्या कोनापासून ५ अंश चुकला की अर्धा गुण वजा, १० अंश चुकला की एक. नियम एवढा सरळ, तरी नवा माणूस पहिल्या दिवशी तो पाळत नाही. आकृती संपली की तो क्षणभर थांबतो, ‘बरी होती’ असं मनाशी म्हणतो आणि साडेसात सांगतो. साडेसातच का? अडीच गुण कुठे गेले? उत्तर नसतं. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षिसं वाटतात, तसे हे गुण. कोणी दुखावत नाही आणि कोणाला काही कळतही नाही. साडेसात हा भित्र्यांचा आसरा आहे. उत्तम उड्डाणाचेही साडेसात आणि सुमार उड्डाणाचेही सात, असं झालं की स्पर्धेचा निकाल बाजूच्या खुर्चीतला परीक्षक एकटाच लावतो.

म्हणून आमच्या वर्गात सुरुवातीला आकडा उच्चारायला बंदी असते. फक्त वजाबाक्या मोठ्याने बोलायच्या. ‘चढती रेषा कललेली, अर्धा. रोल दहा अंश जास्त, एक. वरचा चाप खालच्याहून लहान, एक.’ बेरीज शेजारचा लेखनिक करतो. स्पर्धेतही लेखनिक असतोच, कारण परीक्षकाने आकाशावरून नजर काढायची नसते. लेखनिकाच्या हातात आरेस्ती चिन्हांचा तक्ता असतो. होसे लुईस आरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाने बसवलेली ही चिन्हलिपी, माणूस आत बसून उडवतो त्या एरोबॅटिक्सची. आम्ही ती जशीच्या तशी उचलली आहे. प्रत्येक चिन्हापुढे काठिण्याचा गुणक लिहिलेला असतो आणि परीक्षकाचे गुण त्याने गुणले जातात. इथे दुसरी एक खोड सापडते: ‘अवघड होती हो, म्हणून अर्धा जास्त दिला.’ अवघडपणाचा मोबदला गुणकाने आधीच दिलेला असतो. तो पुन्हा द्यायचं परीक्षकाला कारण नाही.

पहिल्या पायलटला सगळेच हातचा राखून गुण देतात. पुढे आणखी चांगला कोणी आला तर जागा हवी, हा हिशेब. वजाबाकी अंगात मुरली की हा प्रश्न आपोआप सुटतो. दुसरा चांगला उडवेल म्हणून पहिल्याच्या रेषेचा कोन बदलत नाही.

वर्गाचा सगळ्यात जास्त वेळ उभ्या रेषेत जातो, आणि जायलाच हवा. विमान सरळ वर चढतं, मध्यावर एक रोल करतं, पुन्हा तेवढंच चढतं. रोलच्या आधीची आणि नंतरची रेषा सारख्या लांबीची हवी. नवे परीक्षक ही लांबी मनातल्या मनात मोजतात: एक, दोन, तीन, रोल, एक, दोन, तीन. पण चढताना विमानाचा वेग बहुधा कमी होत जातो. तेवढंच अंतर कापायला वरच्या अर्ध्यात जास्त वेळ लागतो. मोजून सारखा वेळ घेणाऱ्या पायलटची वरची रेषा प्रत्यक्षात आखूड असते आणि त्याला मात्र १० मिळून जातात.

बरं, वेळ सोडून डोळ्यांवर विसंबावं, तर डोळे वेगळंच सांगतात. मी फळ्यावर एक त्रिकोण काढतो. विमान आपल्यापासून १५० मीटर दूर आहे आणि ५० मीटर उंचीवरून २५० मीटरपर्यंत चढतंय. मध्य १५० मीटरवर. खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांपाशी खालच्या १०० मीटरचा कोन होतो सुमारे २७ अंश, वरच्या १०० मीटरचा जेमतेम १४. म्हणजे अगदी बरोबर उडवलेल्या आकृतीत वरचा तुकडा खालच्याच्या निम्मा दिसतो. घड्याळ म्हणतं वरचा भाग लांब, डोळा म्हणतो आखूड. कोणावर विश्वास ठेवायचा, हे विचारणारा माणूस हटकून असतो आणि मला तो आवडतो. उत्तर असं की दोघांवरही नाही. बरोबर उडवलेली रेषा आपल्या जागेवरून कशी दिसते, ते चित्र डोक्यात साठवायचं. त्यासाठी एका कसलेल्या पायलटला तीच आकृती पुन्हा पुन्हा उडवायला लावतो, कधी नीट, कधी मुद्दाम बिघडवून, आणि बिघाड कुठला ते आधी सांगत नाही. काठीच्या टोकाला लावलेलं छोटं विमान वर्गात चालतं; आकाशाचा हा भाग मात्र आकाशातच शिकवावा लागतो.

पंचेचाळीस अंशांच्या रेषेचंही असंच. ती समोर उडवली तर पंचेचाळीसची दिसते. उडण्याच्या हद्दीच्या टोकाला, बाजूला, नेली की आडवं अंतर आक्रसतं आणि रेषा उभी वाटू लागते. चतुर पायलट हे जाणून तिकडे रेषा किंचित निजवतात. परीक्षक कच्चा असेल तर लबाडी फळते.

कॉलेजात असताना मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइनची विमानं फिरवत असे. दोन तारांना बांधलेलं विमान आपल्याभोवती घुमतं. त्यात आंतरराष्ट्रीय नियमांनी आकृतीचा तळ जमिनीपासून दीड मीटरवर आणि लूपचा माथा ४५ अंशांवर. परीक्षकाला निदान जमिनीचा आधार असतो. आमच्या रेडिओवर उडणाऱ्या विमानाला आकाशात कुठेच खुंटी नाही.

वाऱ्याचा धडा त्या मानाने लहान, पण तो जुन्या जाणत्यांनाच जड जातो. आमच्या वर्गात कधीकधी खऱ्या विमानांच्या एरोबॅटिक्सची ओळख असलेले लोक येतात. तिथे उभ्या रेषेत विमानाचा पवित्रा बघतात. वाऱ्याने ते सरकलं तर चालतं. आयमॅकमध्ये बघायचा तो गुरुत्वमध्याने कापलेला मार्ग. वारा आडवा असेल तर नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवूनच मार्ग सरळ राहतो, आणि ते तिरकं नाक बघून या मंडळींचा हात वजाबाकीकडे जातो. उलट हॅमरहेडमध्ये, वर जाऊन विमान पंखावर फिरतं त्या क्षणी, वेग जवळजवळ उरलेलाच नसतो. तेव्हा वाऱ्याने ढकललं तर कापायचं नाही. एफथ्रीए या मॉडेल एरोबॅटिक्सच्याच दुसऱ्या स्पर्धाप्रकारातून आलेल्यांची अडचण आणखी निराळी. तिथे १५ अंशांना एक गुण जातो, इथे त्याच १५ अंशांना दीड. दोन्हीकडे बसणाऱ्याने खुर्ची बदलताना डोक्यातली मोजपट्टीही बदलायची असते, आणि ते वाटतं तितकं सहज होत नाही.

मग शून्य. स्नॅप रोलमध्ये विमानाचं नाक आधी झटक्यात कोन बदलतं, मग एका पंखाची उचल तुटते आणि विमान त्या जोराने गर्रकन फिरतं. हे तीन भाग नसतील तर तो नुसता वेगाने मारलेला रोल आणि त्याला शून्य. सगळा मामला डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. नवा परीक्षक अशा वेळी पाच देतो. शून्य द्यायला धीर होत नाही आणि दहा द्यायला मन घेत नाही, म्हणून मधला पाच. हा पाच सगळ्यात खोटा. स्नॅप झाला असेल तर चुका मोजून आठ किंवा नऊ द्या. झाला नसेल तर शून्य द्या. शून्यावर मतभेद असेल तर उड्डाण संपल्यावर परीक्षक आपसात बोलू शकतात, पण शून्य लिहिलंच नाही तर बोलणार कशावर? आणि शिंक आली, ऊन डोळ्यांत गेलं, आकृती हुकली, तर ‘पाहिली नाही’ अशी नोंद करायची सोय आहे. त्या जागी इतरांची सरासरी धरली जाते. ही नोंद नवी माणसं जवळजवळ कधीच करत नाहीत. अंदाजाने साडेसात ठोकून देतात. पुन्हा साडेसातच!

ओळखीपाळखीचं काय, असं जेवणाच्या सुट्टीत हमखास विचारतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे इथेही आहेच, पण मला त्याची फारशी धास्ती वाटत नाही. मित्राला झुकतं माप देणारा स्वतः ते जाणून असतो आणि जरा सावध राहतो. काही जण तर उगाच मित्राचा अर्धा गुण जास्त कापतात. नामवंत पायलटचं प्रकरण अधिक अवघड. तो उडवायला उभा राहिला की परीक्षक चुका शोधतच नाहीत, त्या तिथे नसणारच असं धरून बघतात. तीन मीटरच्या आसपास पंखांचं, सुंदर रंगवलेलं विमान, इंजिनाचा भरदार आवाज, आणि आडव्या रेषेत पंख चांगले १० अंश कललेले. दोन्ही परीक्षकांनी १० दिलेले मी पाहिले आहेत.

कडक परीक्षक बरा की मऊ, या वादात मला रस नाही. प्रत्येक फेरीत सर्वोत्तम उड्डाणाला १००० धरून बाकीच्यांचे गुण त्या प्रमाणात काढतात. सगळ्यांनाच एक गुण कमी देणाऱ्याने फारसं बिघडत नाही. सकाळी कडक आणि दुपारी थकून मऊ होणाऱ्याने बिघडतं. जागतिक पातळीवर एफथ्रीएमध्ये तारासोव्ह, बावर आणि लाँग या तिघांच्या नावाची संख्याशास्त्रीय पद्धत वापरली गेली आहे. ती परीक्षकांच्या वेगवेगळ्या मोजपट्ट्या एका मापावर आणते आणि फारच फटकून असलेला आकडा बाजूला काढते. पाच-पाच परीक्षकांचं मंडळ असेल तिथे ते योग्यच. पण मला त्यातली एक गोष्ट खटकते. चौघांची नजर ढळली आणि एकट्याने खोटा स्नॅप पकडला, तर गणित त्या एकट्यालाच चुकीचा ठरवू शकतं. ते कळलं की माणूस आकाशाकडे कमी आणि शेजाऱ्याकडे जास्त बघू लागतो.

आमच्या स्पर्धांत बहुधा दोनच परीक्षक असतात. दोनांत संख्याशास्त्र काय करणार! म्हणून एकमेकांचं ऐकून जुळवून घेण्याची सवय लागण्याआधीच तोडावी लागते. पहिल्या स्पर्धेत नव्याला अनुभवी परीक्षकाबरोबर बसवतो. फेरी संपेपर्यंत दोघांनी आकड्यांवर बोलायचं नाही. नंतर बोलायचं ते वजाबाक्यांवर: तू इथे एक कापलास, मी कापला नाही, तुला काय दिसलं? जुन्यांना सवयीने मोठ्याने आकडा सांगायची खोड असते, त्यामुळे त्यांची खुर्ची मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडतो, म्हणजे त्यांचा आवाज नव्याच्या कानापर्यंत येत नाही. ते कुरकुरतात, कारण सावली नेमकी दुसऱ्या बाजूला असते.