धाब्याचा कठडा

अमुक संशोधन करू नका, असे शास्त्रज्ञांना सांगण्याचा अधिकार कोणास आहे काय? हा प्रश्न निघाला की आपली मने दोन टोकांकडे धावतात. एक म्हणतो, ज्ञानाला कुंपण नसावे. दुसरा म्हणतो, माणसाने देवाच्या कामात हात घालू नये. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, म्हणूनच ती तपासून घ्यावीत.

आपणा ख्रिस्ती लोकांचा कल बहुधा दुसऱ्या उत्तराकडे असतो. म्हणून गॅलिलिओचे स्मरण आधी करू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत १६३३ साली धर्मन्यायालयाने त्याला सोडावयास लावले. त्याच्या दुर्बिणीने कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. धक्का बसत होता तो अधिकाऱ्यांच्या प्रतिष्ठेला. सत्याच्या भयाने घातलेला निर्बंध हा सत्याच्या देवावरील अविश्वासच होय.

परंतु शेजाऱ्याच्या जिवासाठी घातलेला निर्बंध निराळा. अनुवाद या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायातील ८ व्या वचनात नवे घर बांधणाऱ्यासाठी एक लहानसा नियम आहे: धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. कठड्यासाठी तेथे वापरलेला हिब्रू शब्द सबंध जुन्या करारात या एकाच ठिकाणी येतो. हा नियम घर बांधण्यास मनाई करीत नाही. कोणी पडेपर्यंत वाटही पाहत नाही. आणि जबाबदारी टाकतो ती पडणाऱ्यावर नव्हे, तर बांधणाऱ्यावर.

असा कठडा शास्त्रज्ञांनी स्वतःहून बांधल्याचे उदाहरण आहे. एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडण्याची विद्या हाती येताच, १९७४ साली पॉल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग तूर्त थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञ जमले. जितका धोका अधिक तितका प्रयोगशाळेचा बंदोबस्त कडक, आणि काही प्रयोग तूर्त मुळीच नकोत, असे त्यांनी ठरवले. पुढे १९८२ साली याच विद्येने जिवाणूंकडून बनवलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज असंख्य मधुमेही त्यावर जगत आहेत. सरसकट बंदी घातली असती, तर त्यांचे काय झाले असते? भयानेही माणसे मरतात, हे विसरू नये.

मात्र कठडा नावापुरता असून भागत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. हजारो माणसे मेली, आणि त्यांत कारखान्यालगतच्या झोपड्यांत निजलेले गोरगरीब फार होते. घर बांधणारा एक आणि पडणारा भलताच, हे या युगाचे दुखणे आहे. म्हणून निर्बंध ठरवताना ज्यांच्यावर संकट कोसळेल, त्यांचाही आवाज तेथे हवा. असिलोमारच्या सभेतही तो नव्हता.

आणि ज्या घराला कठडा बांधताच येत नाही, त्याचे काय? डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात इशारा दिला की, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट्या घडणीच्या रेणूंचे जिवाणू निर्माण करू नयेत. माणसे, प्राणी व वनस्पती यांची प्रतिकारशक्ती त्यांना बहुधा ओळखणारच नाही. इशारा देणाऱ्यांपैकी काहींनी स्वतःच त्या दिशेने काम आरंभले होते. औषधांसाठी तशा सुट्या रेणूंचा अभ्यास मात्र चालू राहावा, असे त्यांनी सांगितले. मला ही भूमिका योग्य वाटते. अभ्यासाचे दार उघडे असावे. परंतु जे एकदा सुटले तर परत आवरता येणार नाही, ते घडवूच नये.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांचा प्रयोगशाळेशी संबंध नाही. तरी आपल्या गावाजवळ कारखाना उभा राहताना जनसुनावणी होते, तेथे आपण जाऊ शकतो. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींशी बोलू शकतो. त्यांना घाबरवू नये आणि त्यांच्या जिज्ञासेला पापही म्हणू नये. एवढेच विचारावे: या धाब्यावरून कोण पडेल, आणि कठडा कोठे आहे?