आभारप्रदर्शन

आईचे आभार मानायची आपल्याकडे सोयच नाही. श्रावणातली पिठोरी अमावास्या म्हणजे मातृदिन. पण त्या दिवशीही उपास तिलाच! वर खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून ती पाठमोरी विचारणार, "अतिथी कोण?" आपण "मी" म्हणायचं आणि हाणायचं.

यंदा मे महिन्यातल्या त्या दुसऱ्या रविवारी मी धीर करून फोनवर म्हटलं, "आई, आजवर केलंस त्याबद्दल थँक्यू हं." पलीकडून प्रश्न आला, "भांडलात का गं दोघं?"

तिचंही बरोबरच. सभेत आभारप्रदर्शन अगदी शेवटी असतं. ते सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. आणि आई आता ऐंशीची आहे. मी घाईघाईनं मेतकुटाचं प्रमाण विचारलं. "कितीदा सांगायचं तुला?" म्हणत ती खुलली. प्रमाण मला तोंडपाठ आहे. तरी सगळं लिहून घेतलं.