फेब्रुवारीचा पगार, दसऱ्याची उचल

जिल्हा परिषदेच्या शाळेत जानेवारी संपत आला की मुलांच्या परीक्षेआधी गुरुजींची परीक्षा सुरू होई. पगारपत्रक बघणाऱ्याकडून निरोप येई, ‘आयकराचे तक्ते भरून द्या.’ मधल्या सुट्टीत डबे बाजूला सरकत आणि पाठकोऱ्या कागदांवर बेरजा मांडल्या जात. विम्याचे हप्ते किती झाले, मुलांची फी किती, घरकर्जाच्या हप्त्यातली मुद्दल किती, भविष्य निर्वाह निधीत किती गेले. ‘सर, तुमचे दीड लाख भरले का?’ हा त्या दिवसांतला परवलीचा प्रश्न. ज्याचे भरलेले नसत, त्याचा फेब्रुवारीचा पगार कापून येणार असे. नेमक्या त्याच आठवड्यात विम्याच्या एजंटाची मोटारसायकल शाळेच्या फाटकाशी उभी राही.

मी शिक्षकाच्या घरात वाढलो, त्यामुळे हा सोहळा लहानपणापासून पाहत आलो. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत पॉलिसींची एक चळत होती, दोऱ्याने बांधलेली. त्यातल्या कोणत्या पॉलिसीतून किती परतावा मिळणार, हे त्यांना नीट सांगता येत नसे. कोणत्या साली कोणत्या पॉलिसीमुळे किती टॅक्स वाचला, ते मात्र तोंडपाठ होते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या नोकरदार घरांमधून अशा पेट्या आजही निघतील. प्रश्न असा आहे की या पेट्या भरल्या त्या करसवलतीमुळे भरल्या का? सवलत नसती तर तो पैसा उडाला असता का?

माझे उत्तर असे: करसवलतीने बचतीचा पत्ता बदलला, बचत फारशी वाढवली नाही. बचत वाढवली ती दुसऱ्याच एका गोष्टीने. तिला आपण साध्या भाषेत ‘कपात’ म्हणतो आणि तिच्याबद्दल कुरकुर करतो.

आधी सवलतीचा हिशेब पाहू. पूर्वी कलम ८८ खाली गुंतवणुकीच्या ठरावीक टक्के रक्कम थेट करातून वजा होई. २००५ च्या अर्थसंकल्पाने ते मोडीत काढून ८०सी आणले. एक लाखापर्यंतची गुंतवणूक उत्पन्नातूनच वजा करायची, असा नवा नियम झाला. २०१४ मध्ये ही मर्यादा दीड लाख झाली आणि तिथेच थांबली. वजावट उत्पन्नातून असल्यामुळे ज्याचा कर जास्त, त्याचा फायदा जास्त. पूर्ण दीड लाख गुंतवणारा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात, २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर ३१,२००. ज्याला करच लागत नाही, त्याला शून्य. पैसा तोच, कुलूप तेच, पण सरकारची पाठीवरची थाप माणूस बघून पडते.

घरे या सवलतीला प्रतिसाद देतात, याबद्दल शंका नाही. वजावटीच्या या पद्धतीत करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत बसले की २०१९ पासून कर पूर्ण माफ होता, आणि पाच लाखांच्या वर थोडे जरी गेले तरी माफी सगळीच जाई. समजा, एखाद्या बाईंचे करपात्र उत्पन्न सगळ्या वजावटींनंतर ५ लाख २० हजार भरते आहे आणि त्यांच्या दीड लाखांत अजून जागा आहे. कर होतो १७,१६० रुपये. त्यांनी मार्चच्या आत पोस्टातून वीस हजारांची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे घेतली, तर कर शून्य. वीस हजार गुंतवून त्याच वर्षी सतरा हजार हातात! इतका परतावा कोणता सावकारही देणार नाही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टाच्या खिडकीपुढे गर्दी होणे अगदी शहाणपणाचे होते.

पण ते वीस हजार आले कुठून? खरा प्रश्न इथे आहे. ते बाईंनी भाजीपाला कमी करून साठवलेले नसतात. बहुतेकदा ते बँकेतल्या ठेवीतून काढलेले असतात, शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्जाने घेतलेले असतात, नाहीतर भावाकडून महिन्याच्या बोलीवर आणलेले असतात. भविष्य निर्वाह निधीची तर आणखी गंमत. एका हाताने तिथली वर्गणी वाढवायची आणि दुसऱ्या हाताने त्याच निधीतून नापरतावा रक्कम उचलायची. कागदावर बचत झाली, घरात मात्र एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले.

ही केवळ आपल्याकडची हुशारी नाही. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या करनोंदी आणि खात्यांचा माग काढून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे निवृत्तीच्या खात्यांवरची करसवलत बदलल्यावर कोण कसे वागले, हे त्यांनी तपासले. सुमारे ८५ टक्के लोकांनी सवलतीकडे लक्षच दिले नाही. उरलेल्यांनी दिले, पण त्यांनी एका खात्यातला पैसा दुसऱ्या खात्यात नेला. सरकारने सवलतीवर सोडलेल्या शंभर क्रोनांमागे एकूण बचत वाढली ती सुमारे एक क्रोन. उलट मालकाने पगारातून आपोआप वळती केलेली रक्कम बहुतांशी खरी नवी बचत ठरली, कारण त्या ८५ टक्क्यांनी ती कापली गेल्यावर दुसरीकडची बचत कमी केली नाही. त्यांनी खर्च कमी केला.

म्हणजे कोपनहेगनचा कारकून आणि केजचा शिक्षक इथे एकच आहेत. हातात आलेला पैसा वाचवणे अवघड, हातात न आलेला पैसा आपोआप वाचतो. भविष्य निर्वाह निधीची कपात हीच मराठवाड्यातल्या कित्येक नोकरदार घरांची खरी बचत. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, वडिलांचे ऑपरेशन हे सगळे त्या कपातीतून झाले. पण कपात लोकांना आवडण्यासाठी तिच्या शेवटी काय मिळणार याचा भरवसा लागतो. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या पगारातूनही निवृत्तिवेतनासाठी दहा टक्के कापले जात होते, त्यावर करसवलतही होती. तरी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. त्यांना वर्षाकाठी काही हजारांची सूट नको होती, म्हातारपणी दरमहा किती येणार तो आकडा हवा होता.

सवलतीच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिने पैसा अडकवला. पीपीएफची पंधरा वर्षे, बचत प्रमाणपत्रांची पाच वर्षे. आपल्याकडे घराच्या बचतीला सगळ्यात मोठा धोका उधळेपणाचा नसतो, आप्तेष्टांचा असतो. मेहुण्याला बोअर घ्यायचा असतो, चुलतभावाला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा असतो. ‘देत नाही’ म्हटले की नाते तुटते. ‘पैसे अडकलेत हो’ म्हटले की कुणाला राग येत नाही. सरकारचे कुलूप ही नकाराची इभ्रतदार सबब होती. वडिलांच्या पेटीतल्या पॉलिसींचे मोल व्याजात नव्हते, या सबबीत होते.

बचतीचा पत्ता बदलतो, हे एकदा मान्य केले की तो कुठे बदलतो याची जबाबदारीही येते. बीडला हा धडा फार महाग पडला. पतसंस्था सभासदांना कर्ज देऊन जो नफा कमावते, त्याला कलम ८०पी खाली करमाफी मिळत आली. सहकारी बँकांची ती माफी २००६ मध्ये गेली, पतसंस्थांची राहिली. सभासदाला दिलेल्या व्याजावर मुळातून करकपात करण्याचे बंधनही पतसंस्थांवर दीर्घकाळ नव्हते. २०२० च्या कायद्याने ते ५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या संस्थांना लागू झाले. एकीकडे सरकार करातून अशा संस्थांना हात देत होते, दुसरीकडे त्यांच्या ठेवींना बँकेसारखे पाच लाखांचे विमासंरक्षण नव्हते. २००२ च्या कायद्याखालच्या मल्टिस्टेट संस्थांचा निबंधक तर दिल्लीत बसलेला. ठेवीदार गेवराईचा, शाखा कोपऱ्यावरची, देखरेख हजार किलोमीटरवरून.

लोक केवळ कर वाचवायला तिथे गेले असे मी म्हणणार नाही. ते व्याजासाठी गेले आणि ओळखीच्या माणसांच्या शब्दावर गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कुटे उद्योगसमूहावर आयकर खात्याचे छापे पडले आणि त्याच समूहाशी जोडलेल्या, बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांपुढे रांगा लागल्या. पुढे ठेवी परत मिळेनात, गुन्हे दाखल झाले, सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली. प्रकरणाचा निकाल न्यायालय लावेल. पण निवृत्तीची रक्कम, जमिनीच्या मोबदल्याचे पैसे, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकलेली घरे जिल्ह्याच्या गावोगावी आहेत. ‘पैसे अडकलेत’ हे वाक्य तिथे आता सबब म्हणून कुणी उच्चारत नाही.

आता या जिल्ह्यातली दुसरी घरे पाहू, जी कोणत्याही कलमात बसत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याने मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंत. पुढचे पाच महिने ऊस तोडून ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, तरी जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते हे धरले तर हंगामाची बहुतेक कमाई उचलीतच गेलेली असते. आजारपणाने खाडा पडला की तोही उचलीत चढतो. पाडव्याच्या सुमारास परतताना काही कोयत्यांच्या अंगावर उलट बाकी निघते, तीच पुढच्या वर्षाची उचल.

या घरात बचत होत नाही असे समजणे चूक आहे. उसाच्या शेंड्याचे वाढे बांधून बायका ते जवळपासच्या जनावरांच्या मालकांना विकतात. त्या पैशावर फडातली मीठमिरची चालते, आणि त्यातलेच काही बाई लुगड्याच्या गाठीला बांधून गावी आणते. गावी एखादी शेळी असते, भिशी असते, बचत गटात महिन्याचे शंभर रुपये असतात. या शंभर रुपयांना कोणतीही करसवलत नाही. तरी ते भरले जातात, कारण बैठकीची तारीख ठरलेली आहे, चुकले तर दंड आहे, आणि शेजारीण हजेरी घेते. तारीख, कुलूप आणि कुणाचे तरी लक्ष, बचतीला लागते ते एवढेच. शिक्षकांच्या फेब्रुवारीतही हेच तीन होते. करसवलत हे त्यांच्यावरचे वेष्टन होते.

आता ते वेष्टन निघाले आहे. २०२० मध्ये पर्याय म्हणून आलेली नवी करपद्धत २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी पद्धत झाली. त्या वर्षाच्या विवरणपत्रांपैकी जुलै २०२४ अखेर दाखल झालेल्यांत सुमारे ७२ टक्के नव्या पद्धतीची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. बहुतेक शिक्षकांना आता दीड लाखांचा हिशेब मांडायचे कारणच उरले नाही. सवलत गेल्याचे मला दुःख नाही. ती वर बसलेल्यांना जास्त देणारी होती. काळजी आहे ती फेब्रुवारीची. वर्षातून एकदा घराने बसून ‘आपण काय बाजूला टाकले?’ असे विचारण्याचा तो एकमेव दिवस होता.

सवलतीवर सोडला जाणारा पैसा सरकारकडे उरत असेल, तर तो कुठे घालावा? असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन योजना आली. कामगाराने वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तितकेच सरकार भरणार. कर न भरणाऱ्याला मदत देण्याची ही रीत करसवलतीपेक्षा न्याय्य आहे. पण दर महिन्याला खात्यातून कापले जाणारे शंभर रुपये पगारदाराला सोपे, कोयत्याला नाहीत. त्याचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही आधीच खर्चलेला. आणि साठाव्या वर्षानंतर मिळणारे महिना तीन हजारांचे निवृत्तिवेतन त्याला दूरचे वाटते, कारण त्याची अडचण जूनमधली आहे. पेरणी, बी-बियाणे, मुलांच्या वह्या, एखादे आजारपण. याच महिन्यांत तो मुकादमाच्या दारात जातो.

म्हणून त्याच्या बचतीचे कुलूप पावसाळ्यात उघडायला हवे. हंगाम चालू असताना दर पंधरवड्याच्या हिशेबातून थोडी रक्कम कोयत्यातल्या बाईच्या खात्यात वळती व्हावी, ती पाडव्याला हातात न देता मृगापर्यंत बंद ठेवावी, आणि उघडताना सरकारने त्यात तेवढीच भर घालावी. यासाठी नवे कलम लागत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, हे आधीच ठरलेले आहे. त्यातला काही भाग या भरीला लावता येईल. दोन टन तोडणाऱ्या जोडीच्या वाट्याला दिवसाला वीस रुपये कापले आणि वीस पडले, तर दीडशे दिवसांत सहा हजार होतात. उचलीच्या मानाने हे थोडे आहेत. पण आषाढात मुकादमाकडे लाख मागायला जाणारा माणूस चौऱ्याण्णव हजार मागेल, पुढच्या वर्षी अठ्ठ्याऐंशी. तितका ऊस त्याला कमी फेडावा लागेल.