व्हय म्हाराजा

बसा. खांबाला टेकून बसलात तरी चालेल, पाठ ताठ ठेवायचा आग्रह इथे कोणी धरत नाही. आपण मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला, रामेश्वराच्या देवळात आहोत असं समजा. तळपायांना फरशीचा गारवा लागू द्या. बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे आतल्या अंधाराला सरावेपर्यंत काही करू नका. वास येतोय तो सुरंगीचा. तिच्याशेजारी ठेवलेल्या अबोलीच्या वळेसराला वास नसतो. हे नाकाला उमगेपर्यंत थांबा, घाई कसली आहे?

या देवाचं पूर्ण नाव इनामदार श्री देव रामेश्वर. गाव त्याच्या इनामातला, म्हणजे आपण सगळी त्याची कुळं. लहानपणी मला हे फार सोयीचं वाटायचं. शंकर म्हटलं की तिसरा डोळा आठवायचा आणि बोलती बंद व्हायची. इनामदाराकडे मात्र गाऱ्हाणं नेता येतं, त्यासाठीच तो असतो.

आता तुमची मागणी मनात आणा. एकच आणा. तिला चांगले कपडे घालू नका. नोकरी हवी असेल तर नोकरीच म्हणा, 'मन:शांती' म्हणू नका. नारळ पुढ्यात ठेवा आणि गप्प राहा, कारण इथून पुढे तुम्ही बोलायचं नाही. तुमच्या वतीने दुसरा बोलणार आहे.

तो उभा राहतो, हात जोडतो आणि एका दमात सुरू होतो, ‘बा देवा रामेश्वरा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझ्या पायाशी नारळ ठेयल्यान हा. तेच्या मनात जा काय आसात ता पुरा कर. चुकलामाकला पदरात घे, तेच्या घराची, गुराढोरांची राखण कर रे म्हाराजा!’ आणि मंडपात जे कोणी असतील ते सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’

या जागी थोडं रेंगाळा. तुमची मागणी आता परक्या आवाजात, मालवणीत, चारचौघांसमोर बोलली गेली आहे. ती कशी ऐकू येते? माझा अनुभव असा की काही मागण्या त्या आवाजात एकदम खुज्या होतात. मुंबईहून येताना वाटभर घोकलेली बढती मंडपात आल्यावर लाजून खांबाआड जाते. आईचं दुखणं तसं लाजत नाही, उलट ते गाऱ्हाण्यात जास्त मोठं होतं, कारण ‘व्हय’ म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊक असतं. तुमची मागणी कुठल्या जातीची आहे ते फक्त पाहा. बदलायची गरज नाही.

उठू नका. खरी पूजा, माझ्या मते, आता सुरू होते. आपला नारळ झाला की चपला शोधायला निघणारे पुष्कळ असतात, त्यांना जाऊ द्या. आता पुढचा नारळ. कोणाच्या म्हशीचं काही, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची आखाताची नोकरी. तुमचा संबंध नाही, तरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं तुमच्याही तोंडाने.

आमचं आणि वरच्या घराचं बांधावरच्या फणसावरून बिनसलेलं. बोलणं बंद, पाणंदीत समोर आले की मान दुसरीकडे. एका सोमवारी त्या घरातल्या आजारी पोरासाठी गाऱ्हाणं घातलं जात होतं आणि मी आजीच्या तोंडाकडे बघत होतो. तिने डाव्या हाताने पदर सावरला, उजवा हात छातीशी नेला आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली, आमच्या नारळाला म्हणाली होती त्याच पट्टीत. घरी येऊन पाय धुतल्या धुतल्या तिने त्या घराच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. मला त्यात विसंगती तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

तुमचा फणसवाला कोण? त्याचं तोंड समोर आणा. त्याच्या घरात आत्ता काय अडलं असेल, ते शोधा, अडलेलं असतंच. त्यासाठी एकदा ‘व्हय’ म्हणून बघा. शब्द घशात अडला तर ओढून काढू नका. मंडपातल्या इतरांचा आवाज आहे, तुमची ओळ ते सांभाळतील.

आणखी एक पायरी आहे, ती याच गावात आहे म्हणून सांगतो. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि आचरा गाव वेशीबाहेर जातो. याला गावपळण म्हणतात. २०१९ साली झाली, त्यानंतर २०२४ साली. शेजारच्या चिंदर, वायंगणीतही ही रीत आहे. तीन दिवस, तीन रात्री. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच निघतात आणि हद्दीपलीकडे झापांच्या, ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहतात. कोणी याला भुतांची कारणं देतं, कोणी हवापाण्याची. दोन्ही व्याख्यानांत मला झोप येते.

मी एवढंच धरतो, की गाऱ्हाणं घालणारा आणि ‘व्हय’ म्हणणारे सगळेच गावाबाहेर आहेत. तेव्हा तुमचीही मागणी उचला आणि वेशीबाहेर न्या. तीन दिवस ती देवापुढे मांडू नका, मनातल्या मनातही नको. नाहीशी करायची नाही, फक्त सोबत ठेवायची, बांधून आणलेल्या शेळीसारखी.

परत कधी जायचं तेही कौलानेच ठरतं. कौल नाही झाला तर मुक्काम वाढतो. तुमचा कौल चौथ्या दिवशी होईलच असं मी सांगत नाही. मार्गशीर्षातल्या रात्री गार असतात, एक गोधडी जास्तीची घ्या. आणि शेजारच्या झोपडीत फणसवाले उतरले असतील तर चूल एकच पेटवा, लाकडं वाचतात.