कोणाचेही देणे नसलेला प्रवास

प्रवासात आपल्यामुळे कोणालाही तोशीस पडू नये, हा आमच्या घरचा जुना दंडक. माझे वडील मिशन शाळेत शिक्षक होते. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी स्वहस्ते, सुवाच्य अक्षरांत लिहून चौकटीत लावलेले एक वचन होते : रोमकरांस पत्रातील, कोणाच्याही ऋणात न राहण्याविषयीचे. कोठे पाहुणे म्हणून जाणे झालेच, तर ते आपली वळकटी बरोबर नेत आणि निघताना यजमानांच्या मुलांच्या हाती मोजून पैसे ठेवीत. मंडळीत त्यांच्या या स्वभावाची वाखाणणी होत असे. मीही तो गुण म्हणूनच उचलला. तो खरोखर गुण आहे काय, हा प्रश्न मात्र मला वयाच्या ६६ व्या वर्षी पडला, आणि तोही म्हैसूरजवळच्या एका आटलेल्या तळ्याच्या काठी.

थोडी मागची हकीकत सांगणे प्राप्त आहे. सौ.चे माहेर बेळगावचे. लग्नानंतरची कित्येक वर्षे उन्हाळ्याचे आठ-दहा दिवस आम्ही तेथे घालवीत असू. आठ वर्षांपूर्वी असेच उतरलो असता, दुपारी बाहेरच्या खोलीत मी पडलो होतो आणि आतून वहिनींचा प्रश्न कानी आला : "किती दिवस राहणार आहेत?" प्रश्न मेहुण्यांना होता आणि आवाज हलका होता. दूध किती सांगावे, एवढाच त्याचा अर्थ असू शकेल. मला तो तसा लागला नाही. दुसऱ्या दिवशी काही निमित्त काढून मी परतीची तिकिटे काढली. त्यानंतर बेळगावास मुक्काम म्हणून झाला नाही. सौ. त्यावर काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचा अर्थ मी संमती असा घेतला. नवरे तो बहुधा तसाच घेतात.

माझा एक पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तेथील वाहनांच्या पाट्यांवर दहा हजार सरोवरांचा उल्लेख असतो, एवढा तो जलमय प्रदेश आहे. उन्हाळा आला की तेथली जोडपी निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोठ्या मोटारी घेऊन सरोवरांच्या काठाकाठाने आठवडेच्या आठवडे हिंडतात. मुक्कामाच्या जागी नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असते, आणि ठरलेले भाडे भरले की कोणाचे काही देणे उरत नाही. त्याने पाठविलेली छायाचित्रे पाहून मला वाटले, हीच ती वडिलांची वळकटी, फक्त चाकांवर बसविलेली! मी एक जुनी व्हॅन घेतली. मागची आसने काढून सुताराकडून फळ्यांची शय्या करून घेतली, तिच्याखाली भांडी, लहानशी गॅसची शेगडी आणि पाण्याचे दोन कॅन राहतील अशी जागा केली. गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता निघालो. बेळगाव संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यानेच ओलांडले. उजवीकडे शहराचे दिवे लागत होते. सौ. तिकडे पाहत होती आणि मी रस्त्याकडे.

म्हैसूर निवडण्याचे कारण तेथली तळी. कानडीत तळ्याला केरे म्हणतात. कुक्करहळ्ळी केरे तर शहरातच आहे. कुवेंपू आणि आर. के. नारायण या दोघाही थोर लेखकांचे पाय त्या काठाला लागलेले आहेत. करंजीचे तळे प्राणिसंग्रहालयाला लागून आहे. रंगनतिट्टूला कावेरीच्या पात्रातील लहान लहान बेटांवर चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन घरटी करतात आणि खाली खडकांवर मगरी निवांत पडून असतात. १९४० साली सलीम अली यांच्या आग्रहावरून त्या बेटांना संरक्षण मिळाले. रविवारी आम्ही सेंट फिलोमिना चर्च पाहिले. त्याची कोनशिला १९३३ साली महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी बसविली होती. त्या दोन उंच मनोऱ्यांखाली उभे असताना सौ. म्हणाली, "म्हणजे या गावात आपली मंडळीसुद्धा कोणाची तरी पाहुणीच." मी ते बोलणे हसण्यावारी नेले.

पहिले चार दिवस मी फार सुखात होतो. आम्हांला कोणी बोलावले नव्हते, आमच्यासाठी कोणी खोळंबले नव्हते. वाटेल तेथे थांबावे, झाडाखाली भात शिजवावा, काचा थोड्या उघड्या ठेवून निजावे. स्वातंत्र्य ते हेच, असे मी सौ.ला दोनदा तरी सांगितले असेल.

पाचव्या दिवशी हुणसूरच्या बाजूला एका खेड्याच्या तळ्याकाठी गाडी लावली. नकाशावर निळे दिसणारे ते तळे प्रत्यक्षात भेगाळलेल्या चिखलाचे मैदान होते. मध्यावर हिरवट पाण्याचे एक डबके आणि त्यात चार म्हशी. आमचे दोन्ही कॅन रिकामे झाले होते. मी म्हटले, अंधार पडण्याआधी शहर गाठू आणि बाटल्या विकत घेऊ. तोवर सौ. एक कॅन उचलून समोरच्या कौलारू घराकडे चालूही लागली होती. बेळगावची असल्याने तिला कानडी चांगले येते. मी मागोमाग गेलो. घरची बाई पन्नाशीची असावी. नळ दोन दिवसांआड येतो, असे तिने सांगितले आणि सांगता सांगताच आतल्या भरल्या घागरीतून आमच्या कॅनमध्ये पाणी ओतू लागली. एक घागर संपली, तिने दुसरी आणली. मी खिशातून शंभराची नोट काढून पुढे केली. तिने हात मागे घेतला.

"नीरिगे दुड्डा?" पाण्याला पैसे? एवढेच ती म्हणाली आणि सौ.कडे पाहून हसली. मी नोट ओट्यावर ठेवू लागलो तेव्हा मात्र ते हसू मावळले. सौ.ने नोट उचलून माझ्या हाती परत दिली.

त्या रात्री गाडीत आमचे बोलणे झाले. वाद म्हणण्याइतका आवाज कोणाचाच चढला नाही, पण छत्तीस वर्षांच्या संसारात इतके स्पष्ट बोलणे क्वचित झाले असेल. मी म्हणालो, पाण्याची एवढी टंचाई असताना फुकट घेणे हा अन्याय आहे. गरिबाचे घेऊन मोबदला न देणे कोणत्या नीतीत बसते? ती म्हणाली, "अहो, तुम्हांला तिची टंचाई दिसली म्हणून नोट निघाली नाही. तिचे उपकार नकोत म्हणून निघाली." मग थोड्या वेळाने, "दादाकडेही तुम्ही असेच करता. मुलांच्या हातात नोटा. वहिनी दर वेळी त्या कपाटात ठेवायची. तिला फार लागायचे ते."

हे मला आठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

माझा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे मी अजूनही मानीत नाही. समर्थाने दुर्बलाकडून फुकट घेत राहणे आणि त्याला आतिथ्य हे गोंडस नाव देणे, हा आपल्या देशातला जुना व्यवहार आहे. दौऱ्यावर आलेल्या साहेबासाठी गावाने कोंबडी द्यावी, दूध द्यावे, ही रीत कोणाला ठाऊक नाही? पौल प्रेषिताने करिंथ येथे तंबू शिवून आपले पोट भरले, ते कोणावर भार पडू नये म्हणूनच. (त्याला काम आणि घर देणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला हेही एक जोडपेच होते, रोममधून हद्दपार झालेले आणि गावोगाव तंबूंचाच धंदा करणारे. आमच्या व्हॅनला मी मनातल्या मनात त्यांचेच नाव दिले होते.) परंतु तोच पौल फिलिप्पैच्या मंडळीने पाठविलेली मदत स्वीकारतो आणि तिच्याबद्दल कृतज्ञतेने लिहितो. म्हणजे न घेणे हा त्याचा नियम नव्हता. कोणाकडून घ्यावे आणि कोणाकडून घेऊ नये, याचा तो विवेक होता. माझ्या ठायी असा विवेक कधी नव्हता. मला कोणाकडूनच नको होते.

या नकोपणाचा उगम फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात थोर मनाच्या पुरुषाचे वर्णन केले आहे. तो उपकार करतो, पण उपकार घेण्याची त्याला लाज वाटते, कारण देणारा वरचा आणि घेणारा खालचा. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की, ऋण फेडण्याची ज्याला फार घाई असते तो मनातून ऋणी राहावयास नाखूश असतो. गाडीत पडल्या पडल्या मला तो विचार आठवला आणि शंभराची ती नोट आठवली. माझी घाई न्यायासाठी नव्हती. त्या बाईच्या दारात मी क्षणभर खालच्या पायरीवर उभा होतो, आणि मला तेथून लवकर उतरावयाचे होते.

आणि वडिलांच्या त्या चौकटीतले वचन! ते अर्धेच होते. ऋण नको म्हणणारा प्रेषित त्याच वाक्यात एका ऋणाचा अपवाद करतो, एकमेकांवर प्रीती करण्याच्या ऋणाचा. हे ऋण कधी फिटत नाही, असे आमचे पाळक कित्येकदा व्यासपीठावरून सांगत. मी ते ऐकत आलो होतो. चौकट मात्र लहान होती आणि वडिलांचे अक्षर मोठे होते, एवढेच मी त्यांच्या वतीने म्हणू शकतो.

याच मुलखाशी जडलेली एक हकीकत आपल्या वाचकांना नवीन नाही. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे काही वर्षे म्हैसूरच्या राजाश्रयास होते. पुढे त्यांनी पश्चिम घाटात गंगामूळ येथे अरण्यात घर केले, पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. तेथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी यांचा त्या घरी राबता असे, आणि सर्वांना जेवू घालता घालता शास्त्रीबुवांची सारी मालमत्ता संपली. तेव्हा ते दांपत्य मुलांसह घराबाहेर पडले ते कायमचेच. तान्ह्या रमेला वेताच्या टोपलीत घालून नेले. मग वर्षानुवर्षे देवळांतून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर राहावे, उरेल ते दान करावे. असे छप्पर नसलेले घर घेऊन ती मंडळी देशभर फिरली. १८७० च्या दशकातील दुष्काळात मात्र हा क्रम तुटला. आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे की, कुळाचा व विद्येचा अभिमान आड आल्याने हलके काम करणे किंवा हात पसरणे आम्हांला जमले नाही. आई, वडील आणि थोरली बहीण त्या उपासमारीत गेली.

ज्यांनी आयुष्यभर दिले त्यांना मागता आले नाही. हा प्रसंग मी तरुणपणी वाचला तेव्हा तो मला जुन्या रूढींचा दोष वाटला होता. त्या खेड्याच्या तळ्याकाठी तो माझ्या फार जवळ येऊन बसला. पुढे केडगावला हजारो निराधारांसाठी उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात रमाबाई देणाऱ्याही झाल्या आणि परक्यांकडून घेणाऱ्याही झाल्या, आणि त्यातील कोणत्याही गोष्टीची त्यांना लाज वाटली नाही. शोमरोनातल्या विहिरीवर प्रभू थकून बसला होता आणि त्याच्यापाशी पोहरा नव्हता. त्याने एका परक्या स्त्रीकडे पाणी मागितले. संभाषणाचा आरंभ त्याच्या गरजेतून झाला. त्या कथेतील जिवंत पाण्यावर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत, पण त्याने पाणी मागितले, या साध्या गोष्टीवर एकही नाही.

दुसऱ्या दिवशी कृष्णराजसागर पाहिले. १९११ साली काम सुरू झाले, सर विश्वेश्वरय्या यांची योजना, चुना आणि सुरकीचे बांधकाम, १२४ फूट पाण्याची उंची. खाली मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीत उठविलेली वृंदावन बाग. तिकीट काढून आत गेलो की आपले देणे संपले, असे आदल्या दिवसापर्यंत मी म्हटले असते. परंतु या पाण्याखाली कन्नंबाडी व इतर गावे आहेत. उन्हाळ्यात पाणी फार उतरे तेव्हा कन्नंबाडीचे जुने वेणुगोपाळाचे देऊळ वर दिसे. पुढे त्याचे दगड सोडवून ते काठावर नव्याने उभारण्यात आले. ज्यांची शेते आणि चुली खाली राहिल्या त्यांचे ऋण बागेच्या तिकिटात कसे मोजावे? शहराच्या दुसऱ्या अंगाला लिंगांबुधी नावाचे तळे आहे. ते १८२८ साली तिसऱ्या कृष्णराजांनी आपल्या राणीच्या नावाने बांधविले. त्यावर तृषा भागविलेल्या गुराढोरांनी राजाला काय दिले? मला सरोवरे निसर्गाची वाटत होती. त्या मुलखातले जवळजवळ प्रत्येक पाणी कोणीतरी अडविलेले, कोणीतरी खणलेले आणि कोणीतरी गमावलेले आहे. रंगनतिट्टूची बेटेसुद्धा सतराव्या शतकात राजा कंठीरव नरसराजाने नदीला बांध घातल्यामुळे झाली. पक्षी तेथे आले ते मागाहून.

परतताना आम्ही मुद्दाम त्या खेड्यावरून आलो. सौ.ने बाईसाठी बाजारातून काही न्यावे असे मी सुचविले, तर ती नको म्हणाली. रिकाम्या हातांनी आम्ही ओट्यावर बसलो. बाईने ताक दिले. तळे भरते तेव्हा पाहावयास या, असे ती म्हणाली. श्रावणात काठावर कमळे असतात म्हणे. मी ताक प्यालो आणि खिशाकडे गेलेला हात तसाच मांडीवर ठेवला. सोपे नव्हते.

बेळगाव जवळ आले तेव्हा दिवस मावळत होता. बाहेरचा रस्ता सरळ पुढे जात होता. मी गाडी शहराकडे वळविली. सौ.ने विचारले, "आधी फोन करायचा का?" मी म्हटले, नको. दार मेहुण्यांनी उघडले. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. ते काही न बोलता बाजूला झाले. आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या, क्षणभर आम्हांला आणि दारातल्या त्या विचित्र गाडीला पाहत राहिल्या, आणि मग अगदी स्वाभाविकपणे म्हणाल्या,

"किती दिवस राहणार?"

मी उत्तर जुळवीत होतो, तोच सौ. चपला काढता काढता म्हणाली, "ते तुम्हीच सांगा, वहिनी. आणि आधी पाणी द्या, कॅन दोन्ही रिकामे आहेत."