अठरा पूर्ण झाल्यावर कुठे जायचे?

मुलुंड-बोरिवलीच्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये पांढरा शर्ट, काळी पँट घालून ट्रे फिरवणारी विशीतली मुले असतात. कॅटरिंगचे हे काम मुंबईतल्या कितीतरी बेघर तरुणांचा मोठा आधार आहे. कंत्राटदार स्टेशनबाहेरून पोरे गोळा करतो, भांडी आवरेपर्यंत राबवून घेतो आणि दिवसाची मजुरी हातावर ठेवतो. तोवर अनेकदा शेवटची लोकल गेलेली असते. मग हायवेच्या पुलाखाली किंवा बंद दुकानाच्या पायरीवर सॅक उशाशी घेऊन पडायचे. मोबाइल आणि आधार कार्ड त्या सॅकमध्येच, त्यामुळे डोळा लागला तरी हात पट्ट्यावर. चातुर्मासात मुहूर्त नसतात, हॉल ओस पडतात. ज्या महिन्यांत छपराची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत हात रिकामे.

अशा मुलाला आपण आळशी म्हणतो. जुलै २०२१मध्ये बेघरांच्या सोयींविषयीच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानेही मत नोंदवले की बेघरांनीही देशासाठी काम करावे, सगळेच सरकार पुरवू शकत नाही. पण ही मुले कामच करत असतात. पहाटे नाक्यावर उभी राहतात, टेम्पो रिकामे करतात, आपल्या लग्नांत वाढतात. त्यांच्याकडे काम आहे, घर नाही. आणि घर नसल्यामुळे बरे, टिकाऊ काम मिळत नाही.

मुंबईला रस्त्यावरच्या लहान मुलाची ओळख आहे. अंधेरीच्या चकाल्यातले स्नेहसदन १९६२पासून अशा मुलांना घर देत आले. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६मध्ये याच शहरात सुरू झाली. फलाटावर एकटे मूल दिसले तर कुणाला कळवायचे, बाल कल्याण समिती काय करते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ही जाणीव आपोआप आलेली नाही. कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे फलाट पालथे घातले, तेव्हा ती रुजली.

पण तेच मूल अठराचे झाले की समाजाची नजर पालटते. काल ज्याच्याविषयी कळवळा होता, त्याच्याविषयी आज संशय. मिसरूड फुटलेला मुलगा पुलाखाली झोपलेला दिसला की आपल्याला गर्दुल्ला आठवतो, चोर आठवतो. कायद्याचीही रीत फारशी वेगळी नाही. बाल न्याय अधिनियमाचे छत्र अठराव्या वर्षापर्यंत. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यासाठी २०१५च्या कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरले आहेत. अंधेरीत तेवढ्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली तरी खायचे काय? शिवाय जो कधी बालगृहात गेलाच नाही, आठवी-नववीत घर सोडून आला आणि रस्त्यावरच मोठा झाला, त्याच्या वाट्याला तर हेही नाही.

दुसरीकडे भीक मागण्याविरुद्धचा १९५९चा कायदा महाराष्ट्रात आजही आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भटकणाऱ्यालाही तो भिकाऱ्यांत मोजतो. भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे ती कायम आहेत. म्हणजे सतराव्या वर्षी ज्या मुलाला संरक्षणाची गरज आहे असे राज्य मानते, त्याच्याच मागे एकोणिसाव्या वर्षी ते पोलीस लावू शकते. त्याच्या परिस्थितीत मात्र तसूभर फरक पडलेला नसतो.

हे आपल्याच घरातल्या मुलाशी ताडून पाहावे. अठराव्या वर्षी आपण मुलाला घराबाहेर काढत नाही. शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत, कित्येकदा त्यानंतरही, तो आईवडिलांच्या छपराखाली असतो. उपनगरातले भाडे पाहता पंचविशीतला पगारदारसुद्धा एकट्याने घर घेऊन राहू शकत नाही. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, ओळखीतला कुणीतरी, आणि वर सोसायटीचा ‘बॅचलर नको’ हा हट्ट. एवढे अडथळे कुटुंब पाठीशी असूनही जड जातात. ज्याच्या पाठीशी कुणीच नाही, त्याने ते एकट्याने पार करावेत ही अपेक्षा अन्यायाची आहे. राज्याने २०१८मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण दिले, हे मोठेच पाऊल. पण अर्जावर पत्ता लिहावा लागतो आणि अभ्यासाला रात्री दिव्याखाली जागा लागते.

मुलींची स्थिती आणखी कठीण. रस्त्यावर दिसणेच धोक्याचे असल्यामुळे रात्री त्या नजरेआड राहतात, मोजणीतही सुटतात. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले गेले. त्यांच्या प्राथमिक सारणीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा रकाना आहे. अठरा ते चोविशीतल्यांचा नाही. ज्यांचा आकडाच नाही, त्यांच्यासाठी तरतूद कोण मागणार?

सोय केली की लोंढे वाढतील, हा आक्षेप जुना आहे. १९८१मध्ये फुटपाथवासीयांना गावी परत धाडण्याचा निर्णय झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५मध्ये सांगितले की माणसे फुटपाथवर राहतात ती जवळ काम असते म्हणून, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. पुनर्वसनाचा सरसकट हक्क त्या निकालाने दिला नाही, पण लोंढ्याच्या आक्षेपाचे उत्तर त्यात आहे. माणूस निवाऱ्यासाठी मुंबईत येत नाही. कामासाठी येतो आणि निवाऱ्यावाचून राहतो.

म्हणून जनजागृती म्हणजे थंडीत ब्लँकेट वाटून फोटो काढणे नव्हे. लोकांना नियम ठाऊक होणे, ही खरी जागृती. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेल्या निकषांप्रमाणे दर लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा. २०११च्या गणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. म्हणजे नऊ हजारांवर जागा हव्यात. आज त्याच्या आसपासही आपण नाही. बेघर माणसाला मतदार होता येते, त्यासाठी तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायला निवडणूक अधिकाऱ्याने रात्री जायचे असते, हेही फार थोड्यांना माहीत आहे. मतासाठी जो पत्ता चालतो, तो निवाऱ्याच्या मागणीसाठीही चालला पाहिजे.

अंधेरीकरांनी के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीकरांनी आर मध्य, मुलुंडकरांनी टी, घाटकोपरकरांनी एन विभाग कार्यालयात जाऊन विचारावे: आपल्या विभागात निवारे किती, आणि त्यांत अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसाठी खाटा किती? कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी पुढच्या जनगणनेआधी आपल्या वस्तीतल्या तरुण बेघरांची वयवार नोंद करावी. सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत ‘बॅचलर नको’चा ठराव रद्द करावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. ज्या मुलाला सतराव्या वर्षापर्यंत आपण शहराचे लेकरू म्हटले, त्याला अठराव्या वर्षी परका ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणीही दिलेला नाही.