‘थांबा’ असे कोणी सांगायचे?

निरोप समारंभाच्या भाषणांत एक वाक्य हमखास येते. लोक ‘का जाता?’ असे विचारत असतानाच जावे, ‘अजून का जात नाही?’ असे विचारू लागेपर्यंत थांबू नये. हे वाक्य विजय मर्चंट यांच्या नावावर सांगतात आणि त्यांना ते शोभतेही. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा काढल्या. कसोटीतली ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना. याहून देखणा निरोप कोणता? मात्र भाषण करणारे पुढची गोष्ट गाळतात. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांचा खांदा जायबंदी झाला होता आणि वय होते चाळीस. शिखरावरून उतरण्याचा निर्णय काही अंशी त्या खांद्यानेही घेतला होता.

त्याने मर्चंट यांचा मोठेपणा उणावत नाही. मला खटकते ते वाक्य. त्यात जाणाऱ्याच्या नावलौकिकाचा तेवढा हिशेब आहे, मागे राहणाऱ्यांचा नाही. तालुक्याच्या गावातला एकुलता एक भूलतज्ज्ञ ऐन भरात असताना हारतुरे घेऊन घरी बसला आणि दुसऱ्या दिवसापासून अडलेल्या बाळंतिणींना जिल्ह्याला न्यावे लागले, तर त्याचा निरोप देखणा झाला एवढेच म्हणता येईल. उलट एखाद्या संस्थेचे अध्यक्ष पंचवीस वर्षे ‘साहेब, तुमच्याशिवाय कसं व्हायचं?’ हेच ऐकत असतात. विचारणाऱ्यांतले निम्मे साहेबांच्या खुर्चीच्या सावलीत बसलेले असतात. त्यांच्या ‘का जाता?’ला काय अर्थ?

सरकारी नोकरीत हा पेच नाही. तिथे ‘नियत वयोमान’ नावाची सोय आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला साधारणपणे ५८, केंद्राच्या कर्मचाऱ्याला ६०, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ६२, सर्वोच्च न्यायालयाच्या ६५. माणसाच्या शरीराला या आकड्यांची काही खबर नसते. अठ्ठावन्नाव्या वाढदिवशी कोणाची बुद्धी मावळत नाही. पण या आकड्यांत एक दया आहे. ‘आता पुरे’ हे कोणाला तोंडाने म्हणावे लागत नाही. म्हणून ‘रिटायरला किती राहिलं?’ हा प्रश्न कॅन्टीनमध्ये चहाच्या घोटाबरोबर विचारला जातो आणि कोणाला बोचत नाही. वय ५८ चे ६० करा, ही कर्मचारी संघटनांची मागणी मात्र लगेच बोचते, कारण अभ्यासिकेत जाहिरातीची वाट पाहत बसलेल्या मुलांना ती आपल्या वाट्याच्या दोन वर्षांसारखी दिसते.

खरा प्रश्न ज्यांना तारीख नाही त्यांचा. डॉक्टर, वकील, गवई, दुकानदार, विश्वस्त, पुढारी, शेतकरी. यांची तारीख कोण ठरवणार? आपण म्हणतो, ज्याचे त्याने ठरवावे. पण इथेच गोची आहे. कसब उतरणीला लागल्याचे ज्याचे त्याला सगळ्यात शेवटी कळते. शल्यचिकित्सकाचा हात टाका घालताना थबकतो, ते आधी पाहते शेजारी उभी असलेली सिस्टर. गवयाचा तार षड्ज किंचित खाली लागतो, ते आधी ऐकतो मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य. वडिलांना अंधारात समोरच्या गाडीचे अंतर उमगत नाही, हे आधी जाणवते मागच्या सीटवरच्या नातीला. आणि या तिघांपैकी एकालाही बोलण्याचा अधिकार नाही. ज्याला दिसते त्याने बोलायचे नाही आणि ज्याने बोलायचे त्याला दिसत नाही, अशी आपल्या घरांची आणि संस्थांची रचना आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखणे हा आपला संस्कार खरा, पण मान राखता राखता आपण त्यांना एकटे पाडतो.

यावर मला एकच उपाय दिसतो, आणि तो कोणी सांगण्याच्या आत करायचा असतो. अंगात जोर असताना, पन्नाशीत किंवा फार तर साठीत, एका माणसाला सांगून ठेवायचे, ‘माझं काम घसरलेलं दिसलं तर तू मला सांगायचंस. मी चिडेन, तरी सांगायचंस.’ हा माणूस आपल्या पगारावरचा नको, आपल्या जाण्याने ज्याचा फायदा होणार आहे तोही नको. त्याच धंद्यातला जुना मित्र सगळ्यात बरा. शस्त्रक्रिया करणाऱ्याने दुसऱ्या शस्त्रक्रिया करणाऱ्याला हा हक्क द्यावा. मृत्युपत्राला साक्षीदार लागतात हे आपल्याला पटते, मग कामाच्या शेवटाला का नसावेत?

आता प्रश्न विचारला गेल्यावर काय करायचे? ३१ मार्च २०१६ ला वानखेडेवर वेस्ट इंडीजने भारताला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात हरवले. पत्रकार परिषदेत एका ऑस्ट्रेलियन पत्रकाराने महेंद्रसिंह धोनीला पुढे खेळत राहणार का, असे विचारले. धोनीने त्यालाच व्यासपीठावर बोलावून शेजारी बसवले, खांद्यावर हात टाकला आणि उलट विचारले, मी तंदुरुस्त वाटत नाही का? धावताना संथ वाटतो का? २०१९ च्या विश्वचषकापर्यंत टिकेन का? पत्रकाराने सगळी उत्तरे धोनीच्या बाजूने दिली, सभागृह हसले, विषय संपला. धोनी खरोखरच २०१९ चा विश्वचषक खेळला. हजरजबाबीपणाला दाद द्यावी तेवढी थोडी. तरी मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. ‘अजून जमते का?’ याचे उत्तर त्याने मिळवले, ‘अजून करावे का?’ याचे नाही. आपल्याकडे बहुतेक ज्येष्ठ हाच मार्ग धरतात. कोणी विचारले की जिना चढून दाखवतात. जिना चढता येतो म्हणून चिटणीसपद सोडू नये, असे कुठे आहे?

प्रश्न ऐकताच माणूस दुखावतो, कारण त्याला ‘तुम्ही नको झालात’ असे ऐकू येते. कधी कधी तोच अर्थ असतोही. पण पुष्कळदा विचारणाऱ्याला स्वतःचे काही ठरवायचे असते. मुलाला शहरातली नोकरी सोडून दुकान बघायला यायचे की नाही, सहायक डॉक्टरला याच दवाखान्यात थांबायचे की स्वतःचा टाकायचा. त्याला आपल्या तब्येतीची ग्वाही नको असते, तारीख हवी असते. ती द्यावी. अजून ठरले नसेल, तर केव्हा ठरेल ते सांगावे. ‘बघू’ हे उत्तर दुसऱ्याच्या आयुष्यातली वर्षे खाते.

विचारणाऱ्यालाही काही पथ्य आहे. हा प्रश्न चारचौघांत, लग्नाच्या पंगतीत, हसत हसत विचारू नये. एकांतात विचारावा, आणि का विचारतो तेही सांगावे. शिवाय ज्याला थांबणे परवडत नाही त्याला तर विचारूच नये. सत्तरीची बाई चार घरची धुणीभांडी करते ती हौसेने नव्हे. श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १५०० रुपयांत तिचे औषधपाणी भागत नाही. ‘मावशी, आता कशाला करता?’ असे म्हणणाऱ्या घराने आधी आपण तिला इतक्या वर्षांत किती पगारी रजा दिल्या, ते आठवावे. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळाली, ती भांडून मिळाली. घरकाम करणाऱ्या बाईपाशी तसे काही नाही.

शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न सगळ्यात अवघड होतो. बाप ऐंशीचा, सातबारा त्याच्या नावावर. पोरगा पंचावन्नचा, नांगरट, फवारणी, बाजार सगळे तोच करतो, पण पीककर्जाला अंगठा बापाचा. बाप जमीन सोडत नाही, कारण त्याने भोवताली पाहिलेले असते आणि आपण सगळ्यांनी ‘नटसम्राट’ पाहिलेले असते. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातल्या आप्पासाहेब बेलवलकरांनी निवृत्त होताना सगळे मुलांना देऊन टाकले आणि पुढे काय झाले, ते सांगायला नको. आपण त्यातून धडा घेतला की देऊच नये. मला तो धडा चुकीचा वाटतो. आप्पासाहेबांचा दोष देण्यात नव्हता. सगळे एकदम, काही न राखता आणि काही न ठरवता दिले, तो दोष. आज २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास परत मिळवता येते. त्यासाठी प्रांताकडे न्यायाधिकरण आहे. अट मात्र बक्षीसपत्रात लिहून घ्यावी, तोंडी ठेवू नये. थोडी जमीन स्वतःच्या नावावर ठेवून, बाकीची अटीसह देऊन, बापाने साठीतच मोकळे व्हावे. पोराला कर्ता व्हायला त्याची उमेद शिल्लक असतानाचे वय मिळाले पाहिजे.

थांबल्यावर करायचे काय, या भीतीला महाराष्ट्राइतकी उत्तरे क्वचितच कुठे असतील. धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. आपण ज्या वयात शाल-श्रीफळ देतो, त्या वयात. परभणी-हिंगोलीकडचे नानाजी देशमुख १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आले, मंत्रिपद नाकारले आणि दुसऱ्याच वर्षी साठी उलटली म्हणून सत्तेचे राजकारण सोडून गोंड्याच्या खेड्यांत, पुढे चित्रकूटला कामाला लागले. ही माणसे थोर होती म्हणून आपल्याला लागू नाहीत, अशी पळवाट मात्र काढता येते.

मग चिपळूणच्या लेकीचे उदाहरण घ्या. सुमित्रा महाजन इंदूरमधून लागोपाठ आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये वयाची शहात्तरी आठवड्यावर आलेली, आणि पक्ष इंदूरचा उमेदवार जाहीर करीत नव्हता. कोणी नाही म्हणत नव्हते, कोणी हो म्हणत नव्हते. शेवटी त्यांनीच खुले पत्र लिहिले. पक्षाला संकोच वाटत असावा, मी निवडणूक लढवणार नाही, तुम्ही निःसंकोच निर्णय घ्या, असा त्याचा आशय. हे खुशीने झाले नाही, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरही असेल. पण ज्यांना बोलता येत नव्हते त्यांच्यासाठी त्या बोलल्या, त्यामुळे उमेदवाराचा मार्ग मोकळा झाला. निवृत्ती मनासारखी मिळाली नाही, तरी ती सभ्यपणे घेता येते, याला मी मर्चंटांच्या १५४ धावांहून वरचे मोल देईन.

तेव्हा विनंती तारीख नसलेल्यांना, त्यातही संस्थांच्या अध्यक्षांना आणि विश्वस्तांना. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या निवृत्तीची तारीख’ हा विषय स्वतःच्या सहीने घाला, आणि तारीख इतिवृत्तात लिहून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट तुमच्या मृत्यूच्या दाखल्यासह जाण्यापेक्षा तुमच्या राजीनाम्यासह गेलेला बरा.